नदीतली वाट मीच घातली होती

आमच्या गावात वाट विचारली की उत्तर ठरलेलं असायचं, "नदीतनं सरळ जावा, आन चिंचंपाशी वर चढा." नदी म्हणजे माण. म्हसवडच्या अलीकडे, आमच्या शिवारात, ती वर्षातले दहा महिने नुसती वाळू असायची. तिच्यातून मेंढरं जायची, वऱ्हाड जायचं, दप्तर घेऊन मीही शाळेला जायचे. पुढे सांगलीत एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी लागली आणि नदीतून चालणं सुटलं.

सुट्टीच्या दिवशी मी एका ओपन सोर्स प्रकल्पात काम करते. मोबाईलवर वाट दाखवणारं मोफत अ‍ॅप आहे, जगभरातल्या लोकांनी फुकट राबून बनवलेलं. त्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो. बदल कुणीही सुचवावा, पण तो आत घ्यायचा की नाही हे मोजकी जुनी माणसं ठरवतात. त्यांतली एक बाई माझ्या वाट्याला आली. दूरच्या, थंड देशातली. तिचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. मनातल्या मनात मी तिला हेडबाई म्हणते.

माझा पहिला बदल सहा ओळींचा होता. हेडबाईंनी त्यावर नऊ प्रश्न पाठवले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फुकट राबायचं आणि वर झडतीही द्यायची? पण मी हट्टाला पेटले आणि एकेका प्रश्नाचं उत्तर लिहीत बसले. तिसऱ्याचं लिहिताना माझीच चूक मला सापडली. ती गुपचूप दुरुस्त केली आणि वर आव असा आणला की काही झालंच नाही. दोन वर्षं हेच चाललं. मग एक दिवस इतरांचे बदल मंजूर करण्याचा अधिकार तिनं मला दिला. पगार नाही, खुर्ची नाही, तरी मी लॅबमध्ये पेढे वाटले. कशाचे, ते मात्र कुणाला नीट समजावता आलं नाही.

आता नदीचं. पात्रातून वाट असते हे अ‍ॅपला ठाऊक नव्हतं. समोर दिसणाऱ्या वस्तीवर जायला ते पुलावरून मैलोन्‌मैलांचा वळसा दाखवायचं आणि गाव हसायचं. मी नियम लिहिला की आमच्या भागात नोव्हेंबर ते मे पात्रातली वाट उघडी समजावी. स्वतःचं काम स्वतः मंजूर करायचं नाही ही आमच्यातली रीत, म्हणून मी तो हेडबाईंकडे पाठवला. या वेळी एकही प्रश्न आला नाही. "ती जमीन तुम्हाला ठाऊक आहे, मला नाही," एवढंच लिहून तिनं तो आत घेतला. मी फुगून टम्म झाले.

एप्रिलमध्ये चुलत्यांचा फोन आला. हसूच आवरत नव्हतं त्यांना.

"अगं, त्या मोबाईलनं नर्सबाईला नदीत घातली की!"

उपकेंद्रात नवी आरोग्यसेविका आली होती, शिराळ्याकडची. पलीकडच्या वस्तीवरच्या बाळांना लस द्यायला ती स्कूटीवरून निघाली. गाव नवं, म्हणून मोबाईलवर आमचंच अ‍ॅप सांगेल तसं जात होती. पाणी घोट्याएवढं दिसलं म्हणून तिनं गाडी घातली. मध्ये वाळू काढलेला खड्डा होता. गाडी आडवी झाली, लसींचा डबा उघडून पाण्यात गेला. ती थोडक्यात वाचली.

"एप्रिलात पाणी कुठलं?" मी विचारलं.

"तू हायस कुठं? उपसा योजनेचं पानी नदीत सोडत्यात आता उन्हाळ्यात. गेल्या सालीबी सोडलं हुतं."

मी दिवाळीला येणार, जत्रेला येणार, आणि तेव्हा नदी कोरडीच असणार. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं.

"बाईला नोटीस आलीया," चुलते म्हणाले. "लसी वाया गेल्या, पात्रात गाडी का घातली, लेखी द्या म्हनं."

फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. प्रकल्पात कुणालाच याचा पत्ता नव्हता. 'मे'च्या जागी 'फेब्रुवारी' करायचं, वर 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहायचं, की झालं. हेडबाईंनी आता मला विचारलंही नसतं. ते दोन शब्द मी लिहिलेसुद्धा. मग स्वतःचा असा संताप आला की उठून खिडकीपाशी गेले. तिनं माझ्यावर सोडलं होतं म्हणून ती विचारणार नव्हती, आणि मी त्याच्याच आडून चूक गाडायला निघाले होते. तिकडे गावात एक अनोळखी नर्स माझ्या नियमापायी खुलासे लिहीत होती.

मी ते दोन शब्द पुसले. सगळ्यांना दिसेल अशा पानावर लिहिलं: नियम माझा. नदी न बघता लिहिला. एक आरोग्यसेविका त्यामुळे पाण्यात पडली, लसी गेल्या आणि आज दोष तिच्या माथी आहे. नियम मी आत्ताच बंद करत आहे. माझा मंजुरीचा अधिकार काढून घ्यावा.

दोन दिवस उत्तर आलं नाही. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? दोन वर्षांत मिळवलेली ती एकच गोष्ट होती, जी मला कुणी नात्यागोत्यावरून दिलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी माझ्या मजकुराखाली हेडबाईंचं उत्तर आलं. "मंजुरी मी दिली होती. जिथलं मला काही कळत नव्हतं तिथंच विचारायला हवं होतं, आणि नेमकं तिथंच मी विचारलं नाही. यापुढे वाट उघडणारा नियम त्या जागी जाऊन आलेल्या दोघांनी पाहिल्याशिवाय आत येणार नाही. तुमचा अधिकार तुमच्याकडेच राहील. त्या बाईंना कागद लागणार असेल तर त्यावर माझंही नाव घाला."

मी सगळं मराठीत उतरवलं, छापलं आणि शनिवारी गाव गाठलं. उपकेंद्रात ती एकटीच होती.

"त्या दिवशी तुम्हाला मोबाईलनं नदीत घातलं नाही," मी म्हणाले. "मी घातलं."

ती आधी हसली, मग कागद वाचू लागली आणि तिचा चेहरा लाल झाला. "गावानं मला यडी ठरवलीया, ताई. 'नदीवाली नर्स' म्हनत्यात. आन तुमी आज येताय व्हय?"

"हो. उशीर झाला. चूक माझी आहे."

तिनं हेडबाईंचा मजकूर पुन्हा एकदा वाचला. "ह्या बाईनं तुमच्यावर इस्वास ठेवला. म्या मोबाईलवर ठेवला. तुमी कशावर ठेवला हुता?"

"लहानपणच्या नदीवर."

तिनं कागद आपल्या खुलाशाला टाचला, फाईल कपाटात ठेवली आणि दाराला कुलूप घातलं. "चला," म्हणाली.

आम्ही नदीवर आलो. पाणी या काठापासून त्या काठापर्यंत पसरलं होतं. तिनं बोटानं मधली जागा दाखवली, जिथं गाडी गेली होती.

"उतरा," ती म्हणाली. "ह्या खेपंला बघून लिवा."

मी चपला काढल्या आणि पाण्यात उतरले.