ठिपके राखणारा

चित्र पुरं झालं की तो दांडी सोडायचा, दोन्ही हात पाठीमागे बांधायचा आणि भुतांना खुशाल येऊ द्यायचा. भुतं त्याला गाठायची, खेळ संपायचा. मग मागे वळून तो मला विचारायचा, "मास्तर, ह्याला चित्र म्हनाचा का?"

ऐंशीच्या दशकातली वसई स्टेशनजवळची व्हिडिओ गेमची दुकानं तुम्ही पाहिली असतील, तर हा खेळ तुम्हालाही आठवेल. एक वाटोळं तोंड गल्ल्यागल्ल्यांतून ठिपके खात पळतं, भुतं त्याच्या मागे लागतात. सगळे ठिपके खाल्ले की जिंकलं. हा गडी जिंकायच्या भानगडीत पडत नसे. तो नको असलेलेच ठिपके खायचा, आणि उरलेल्यांतून कधी शिडाची होडी दिसायची, कधी ताडाचं झाड.

तो जूचंद्रचा, मिठागरात कामाला. रविवारी बाजाराला आला की एकच डाव खेळायचा. मी भुईगावच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. माझी केळीच्या घडांची चित्रं शाळेच्या व्हरांड्यात काचेआड टांगलेली होती. त्यांच्यापुढे कुणी थांबलेलं मी कधी पाहिलं नाही. याच्या पाठीमागे मात्र माणसं भाजीच्या पिशव्या धरून मुकाट उभी असायची. मी जळायचो, आता लपवून काय करू?

हे शिकलास कुठे, असं मी एकदा विचारलं. "घरच्या बाया ठिपके जोडून रांगोली काढतान," तो म्हणाला, "मी खातो. पोट भरला की थांबाचा."

त्याच्या त्या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं: हा खेळ आहे, वीज गेली की गेलं सगळं. त्यावर तो एकदा म्हणाला, "मीठ पन पावसान जाता, मास्तर." 

पावसाळ्याआधीच्या एका रविवारी पडद्यावर ठिपक्यांची दोन वर्तुळं उरली, खाली जाड मिशी. लोक माझ्या चष्म्याकडे बघून हसायला लागले. जन्मात माझं चित्र कुणी काढलं नव्हतं. त्याने हात पाठीमागे बांधले आणि हळूच तेच विचारलं. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी म्हणालो, "डावी मिशी आखूड झालीय."

त्याने पडद्याकडे निरखून पाहिलं. "हां," एवढंच म्हणाला आणि पिशवी उचलून गेला.

दिवाळीनंतर मिठागरं पुन्हा सुरू झाली, तो आला नाही. बायकापोरांसह लांबच्या आगरांवर गेला, असं दुकानाच्या मालकाकडून कळलं. तरी मी कितीतरी रविवार ते 'हो' घेऊन तिथे जात राहिलो.

शेवटी एकदा मीच दांडी धरली. त्याची होडी काढायची होती. निदान शिडापुरते चार ठिपके तरी राखायचे होते, पण भुतं मागे लागली की समोर येईल ते मी खात सुटायचो. बघता बघता शेवटचा ठिपकाही गेला. यंत्र आनंदाने वाजायला लागलं.

"मास्तर," मालक गल्ल्यावरून म्हणाला, "जिंकलात की."