मायची गोळी आणि बाबाचं जेवण

माझ्या मायचा पाय वाचला तो शेजारच्या काकूमुळे. हे आधी सांगते, मग बाकीचं.

मी सातवीतून शाळा सोडली. आता पुण्याकडे एका कंपनीत पॅकिंगला आहे. माहेर दारव्ह्याजवळ. माय आणि बाबा, दोघांनाही शुगर, गोळीही एकच. फोनवर माय बाबाचंच सांगायची. त्यांची शुगर बरी आहे, भात बंद केला. स्वतःचं विचारलं की, "मले काय होते वं? कामाचं शरीर हाय माह्यं."

मग एक दिवस काकूचा फोन आला. मायच्या तळपायात पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, खुट घुसलं होतं आणि शुगरने पाय बधिर झाल्यामुळे तिला कळलंच नव्हतं. माय अंगण सारवत असताना काकूला तो चिघळलेला पाय दिसला. बाबा म्हणाले, हळद लावू. काकूने ऐकलं नाही. जीपमध्ये बसवून तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. मी पोचले, तेव्हा पाय काढावा लागेल का, हे ठरलं नव्हतं. शेवटी एक बोट गेलं. पाय वाचला.

"गोळी घेत नव्हतात का?" डॉक्टरीणबाईंनी मायला विचारलं.

"गोळीनं चक्कर येते, हातपाय कापते," माय म्हणाली. "सोडून देली."

आधी दोघं गोळी सकाळी सोबतच घ्यायचे. बाबा लगेच जेवायचे. मायचं जेवण पाणी, गुरं, देवपूजा आटोपून, सगळ्यांच्या मागून, दुपारी. आमच्याकडे बाया तशाच जेवतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रिकाम्या पोटी शुगर एकदम खाली जायची, आणि मायला वाटलं गोळीच आपल्याला सोसत नाही.

"जेवाले कोनं मना केलं व्हतं तुले?" बाबा म्हणाले.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच काकू आपली भाकर घेऊन आली. "बस वं. तू नाई जेवली तं मीबी उपाशी."

"नवऱ्याआंधी? लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे. लोक येतीन का तुहा पाय जोडाले?"

माय हसली, गोळी घेतली आणि जेवली.

माझी रजा संपली. काकू अजून रोज येते. माय फोनवर "जेवली" म्हणते, पण काकूने सांगितल्याशिवाय माझा जीव भांड्यात पडत नाही. आता काकूचेच गुडघे गेलेत, ऑपरेशन सांगितलंय. ते होईल तेव्हा, नोकरी राहो न राहो, तिच्या खाटेजवळ मी असेन. एवढं तरी मी फेडीन.