प्रोफेसर आणि अर्धं केळं

इस्पितळात जेवणाची गाडी ढकलणाऱ्या त्या माणसाला सगळे प्रोफेसर म्हणत. शाळेशी त्याचं नातं सातवीतच तुटलेलं, पण ताट पुढे ठेवताना माहिती द्यायची भारी खोड. बटाटा म्हणे सातासमुद्रापलीकडच्या डोंगरातला, गाजर पूर्वी जांभळं असायचं, आणि टोमॅटोला तर लोक विष समजून हात लावत नसत. पेशंट हसायचे आणि हसता हसता चार घास पोटात जायचे. नर्सबाई म्हणायच्या, याची बडबड औषधांच्या यादीत घाला. थट्टाच ती, पण खोटी नव्हती.

मग त्याची बायकोच त्या वॉर्डात आली. पोटाचं ऑपरेशन होतं. अंगात थोडी ताकद आल्याशिवाय हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि हिची तर अन्नावरची वासनाच उडालेली. एकुलती एक मुलगी कॉलेज बुडवून उशाशी बसायची. प्रोफेसर गाडी दारात सोडून यायचा आणि जीव तोडून सांगत सुटायचा. पण बायकोने तीस वर्षांत सगळं शंभरदा ऐकलेलं. हा 'गाजर' म्हणाला, की ती डोळे मिटूनच 'जांभळं' म्हणायची. ताट तसंच परत जायचं.

शेवटी पठ्ठ्याने फळवाल्याला गाठून नवीन माहिती काढली. दुसऱ्या दिवशी केळं सोलून तिच्या हातात दिलं आणि विचारलं, आपल्या केळ्यात बी का नसतं, ठाऊक आहे? तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिने एक घास घेतला. याला हुरूप आला. बी नाही, मग नवं झाड येतं कुठून? बुंध्याशी पिल्लं फुटतात. तिने दुसरा घास घेतला. आता काय, जिभेला हाड नाही!

"केळीला घड एकदाच येतो," तो म्हणाला. "मग तिला कापून टाकतात. मागे पिल्लंच वाढतात."

अरे देवा, काय बोलून बसला हा! त्याचं त्यालाच कळलं.

बायको चिडली नाही. खुर्चीत पेंगणाऱ्या मुलीकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"पिल्लाला जपाल ना?"

अगं, तू बरी होशील, असं त्याला म्हणायचं होतं. शेकडो पेशंटांना तो तसं म्हणाला होता.

"हो," तो म्हणाला.

तिने उरलेलं केळं त्याच्या हातावर ठेवलं.

"मग हे तिला द्या. सकाळपासून उपाशी आहे पोर."