बाईंनी करून दाखवलेलं इंग्रजी

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग भरायचा आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मला त्याचा सगळा गोंगाट ऐकावा लागायचा. पनवेलमध्ये इंग्रजी क्लासच्या पाट्यांना तोटा नाही, पण वसुंधराबाईंच्या दारावर पाटीच नव्हती. तरी द्रोणागिरीच्या गोदामांत कामाला असलेली, नेऱ्याकडच्या वाड्यांवर राहणारी पोरंपोरी शोधत यायची.

बाई शब्दाचा अर्थ सांगत नसत, करायला लावत. हार्ड म्हणजे लोखंडी कपाट अंगातला सगळा जोर लावून ढकलायचं. हार्डली म्हणजे तेच कपाट जेमतेम हलवायचं. लेट म्हणजे सगळे बसल्यावर दारातून आत यायचं. हार्ड आणि हार्डली, लेट आणि लेटली दिसायला सख्ख्या बहिणी वाटल्या तरी प्रत्येकीचा संसार वेगळा, असं त्या म्हणत. मला तो निव्वळ तमाशा वाटायचा आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंही होतं. त्या नुसत्या हसल्या.

गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनने जीव वाचला, आवाज कायमचा गेला. त्यांचा ठाण्याचा मुलगा इंद्रजीत येऊन राहिला. चांगला मुलगा, पण भित्रा. आजाराचं नाव घरात काढू द्यायचा नाही, कुणी विचारलं तर तब्येत जरा नरम आहे म्हणायचा. बाई दिवसभर खिडकीशी बसून असत. शिकवणं गेलं, आता मी उरले कशाला, असं त्यांनी एकदा मला कागदावर लिहून दाखवलं.

एका रविवारी इंद्रजीतने सगळ्या विद्यार्थ्यांना बोलावलं. मीही खाली गेले. वर्ग बंद करतोय, असं त्याने सांगितलं आणि स्टेशनजवळच्या एका क्लासचं नाव सुचवलं. मग नेऱ्याच्या वाडीवरची संजना उठली. ती गोदामात माल तपासायचं काम करते.

"मना दुसरीकडं नाय जायाचं," ती म्हणाली. "बाई, तुमी निस्तं करून दाखवा. बोलायचं काम आमचं."

आणि निअर आणि निअरली यांतला फरक अजून कळला नाही, असं तिने सांगून टाकलं.

बाई उठल्या आणि संजनाच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. निअर, असं दोघंतिघं पुटपुटली. बाईंनी गळ्याचा रुमाल सोडला. ऑपरेशनमध्ये श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्राजवळ हात नेला, सतरंजीवर आडव्या झाल्या आणि डोळे मिटून घेतले. इंद्रजीत पुढे धावणार तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले, जमिनीवर हात टेकून उठून बसल्या आणि संजनाकडे बोट केलं.

"बाई निअरली डाइड," संजना हळूच म्हणाली.

बाईंनी खूण केली, मोठ्याने. संजनाने ते पुन्हा म्हटलं, मग सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. इतके महिने त्या घरात जे कुणी बोलायला धजावलं नव्हतं, ते बाईंनी सगळ्यांकडून वदवून घेतलं.

इंद्रजीत दारापाशी खाली बसला आणि ढसाढसा रडला. बाईंनी त्याला रडू दिलं. त्यांनी संजनाला हाताला धरून आपल्या शेजारी उभं केलं आणि पुढच्या शब्दासाठी वर्गाकडे वळल्या.