भाऊजींनी वाट दिली

माझ्या दिराला मी तोंडावर अहो म्हणते आणि मनात अरे. हे लिहिणं मनातलं आहे, म्हणून इथे तो अरेच.

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या पगारातून पहिली गाडी घेतली. सानपाड्याला आमच्या सोसायटीत गेटजवळ पूजा केली. हार, कुंकवाचं स्वस्तिक, चार चाकांखाली चार लिंबं. नारळ दिराने फोडला आणि पाणी चाकांवर शिंपडलं. पूजा म्हणून मी चपला काढल्या होत्या. त्या ओल्या फरशीवरून अनवाणी चालत आले, पैठणी सावरत गाडीत बसले आणि लिंबं चिरडायला पहिला गिअर टाकला. ओला तळवा क्लचवरून सटकला. गाडीने उडी मारली, लिंबं चिरडली आणि समोरचा सोसायटीचा नोटीसबोर्डही आडवा केला.

कुणाला लागलं नाही, बंपर तेवढा चेपला. दिराने दार उघडलं. "वहिनी, उतरा. हा मिक्सर नाही, बटण दाबलं की फिरायला." आणि त्याने चावीसाठी हात पुढे केला. पंधरा-वीस माणसं बघत होती. मी चावी दिली. त्याच्या बोलण्यापेक्षा मला हेच जास्त लागलं, की मी मुकाट दिली.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला होता. सासूबाई म्हणाल्या, हसतील त्यांचे दात दिसतील. दिसले ना, पुढची दोन वर्षं, प्रत्येक बारशाला आणि प्रत्येक हळदीकुंकवाला दिसले. माझ्या गाडीत मी डावीकडे बसायचे आणि नवरा चालवायचा. चारचौघांत मी हसण्यावारी न्यायचे. पण मी डूख धरला होता, आणि तो लोणच्यासारखा जपला होता.

दीर हौशी गाडीवाल्यांच्या एका क्लबात जायचा. तळोज्याला एका बंद कारखान्याचं मोठं आवार भाड्याने घेऊन ही मंडळी महिन्यातले दोन रविवार गाड्या पळवतात. प्लास्टिकचे शंकू आणि जुने टायर मांडून वळणं आखलेली, नवख्यांच्या शेजारी शिकवणारा माणूस बसलेला. घरी आला की तो जेवताना वाट्या मांडून आम्हाला वळणं समजावायचा आणि आमटी गार व्हायची. एका रविवारी मी नवऱ्याकडून माझीच चावी मागून घेतली आणि तिथे जाऊन नाव घातलं. हेल्मेटमध्ये मला पाहिल्यावर दीर म्हणाला, "वहिनी, लिंबं आणलीत ना?"

मला शिकवायला आले ते सर साताऱ्याकडचे. आयुष्यभर कारखान्यातून निघालेल्या नव्या गाड्या तपासायला पळवलेल्या, आता निवृत्त. पहिल्या दिवशी मी दिसेल तो शंकू उडवत होते. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमी शंकूकडं बघताय, म्हणून गाडी शंकूकडं जातीया. जायाचं हाय तिकडं बघा." दुसऱ्या रविवारी म्हणाले, "कुणाचा तरी राग आलाय तुमाला. असू द्या. पर त्यो ब्रेकवर काढा, स्टेअरिंगवर नको."

मी ब्रेकवर काढला. सरळ रस्त्यावर असा दाबायचा की पट्टा खांद्यात रुतला पाहिजे, आणि मग वळणात शिरताना पाय एकदम उचलायचा नाही, हळूहळू सोडायचा. तसा सोडला की गाडीचं तोंड आपोआप आत वळतं. दाबणं मला एका दिवसात आलं. सोडणं यायला सात रविवार गेले. तळोज्याची ती रसायनाची आंबूस हवा, उसन्या हेल्मेटमध्ये दुसऱ्याच्या घामाचा वास, आणि मी तेवढं एकच घोकत होते.

तिथे शर्यत नसते. पुढच्या गाडीला आपल्या मनाने मागे टाकता येत नाही. पुढच्याने खिडकीतून हात बाहेर काढून कुठल्या बाजूने जायचं ते बोटाने दाखवावं लागतं, तेही फक्त सरळ रस्त्यावर. हा नियम कळला त्या दिवसापासून मला फक्त दिराचा हात बाहेर आलेला हवा होता. नुसतं पुढे जाण्यात मला रस नव्हता. त्याने स्वतःच्या हाताने मला वाट द्यायला हवी होती, चारचौघांसमोर.

आठव्या रविवारी माणसं कमी आली, म्हणून आमचा नवख्यांचा गट आणि त्याचा जुना गट एकत्र सोडला. दोन फेऱ्यांत मी त्याच्या मागे पोहोचले. त्याची गाडी माझ्या दुप्पट ताकदीची. वळणात बैलगाडी, आणि सरळ रस्ता आला की भुर्रकन पुढे. वळणात मी त्याच्या बंपरजवळ यायचे, सरळ रस्त्यावर तो निसटायचा, आणि हात काही बाहेर यायचा नाही. कडेचा माणूस त्याला निळा झेंडा दाखवत होता, म्हणजे मागच्याला वाट द्या. तीनदा न ऐकल्यास बाहेर काढतात. दोनदा त्याने ऐकलं नाही. तिसऱ्यांदा त्याने वेग कमी केला आणि खिडकीतून हात आला. पूर्ण हातही नाही, चार बोटं.

"हात दिलाय. जावा," सर म्हणाले.

मी गेले नाही. मुद्दाम मागे राहिले. पुढच्या सरळ रस्त्यावर पुन्हा हात आला, या वेळी कोपरापर्यंत. मी तशीच मागे. चहाच्या टेबलाशी उभी असलेली माणसं बघायला लागली होती. तो हळू झाला होता, हात बाहेर काढून वाट देत होता, आणि मी ती घेत नव्हते. त्यानंतरच्या फेरीला अख्खा दंड बाहेर आला आणि जोरजोरात हलायला लागला. तेव्हा मी त्याच्या बाजूने निघून गेले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

सरांनी गाडी बाहेर घ्यायला लावली. त्या दिवशी ते मला वरच्या गटासाठी पास करणार होते. त्यांनी हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "गाडी झ्याक चालवता तुमी. पर मानूस म्हनून मागच्या-पुढच्याला धोका हाय तुमचा. चार म्हैने माज्याच शेजारी." त्यांचं बरोबर होतं. मी मान डोलावली.

दीर आला. मला वाटलं भांडेल, मी तयारच होते. त्याचा चेहरा लाल होता, केस कपाळाला चिकटलेले. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "वहिनी, ते टायरपाशी मोठं वळण आहे ना, तिथे तुम्ही ब्रेक कसा सोडता? चार वर्षं येतोय मी इथे. मला ते जमतच नाही."

खरंच विचारत होता. त्यात खोच नव्हती. मी पंधरा सेकंदांत सांगू शकले असते.

"सरांना विचारा की," मी म्हणाले आणि चहा घेतला.

त्याने विचारलं नाही. सगळ्यांदेखत विचारायची त्याला लाज वाटते, हे मला माहीत होतं. म्हणून तर मी तसं म्हणाले. याला वर्ष होईल. घरी आता व्हिडिओचं नाव कुणी काढत नाही, तो मला मान देतो, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर मला फोन करतो. मला लाज वाटायला हवी, वाटत नाही. दर दुसऱ्या रविवारी तो त्या वळणात ब्रेकवरचा पाय एकदम उचलतो, गाडी बाहेर फेकली जाते, शंकू उडतात, आणि मी मिठाची गुळणी धरून बघत उभी राहते.