खेळाडूला एकटं विचारावं

माझी पहिली बातमी परत आली तेव्हा तिच्यातल्या एकाच शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढलेला होता. आमच्या कॉलेजचा संघ बास्केटबॉलचा सामना हरला होता आणि तो ‘दुर्दैवाने’ हरला, असं मी माझ्या जेमतेम इंग्रजीत लिहिलं होतं.

“हें दुर्दैव कोणाचें गे?” बाईंनी विचारलं. “दुसऱ्या कॉलेजाचीं मुलें काय दैवावर खेळलीं? तीं जिंकलीं. सरी, पुन्हा लिहून आण.”

बाई म्हणजे विद्यार्थ्यांच्या पाक्षिकाचं काम पाहणाऱ्या प्राध्यापिका. बाकी सगळे त्यांना मॅडम म्हणत, मी शाळेतल्या सवयीने बाई म्हणायचे. त्या टी. नगरला राहायच्या, घराणं मूळचं तंजावरचं. त्यांच्या मराठीत ‘मजला’, ‘तुजला’ असे शब्द यायचे, आणि मध्येच तमिळमधलं ‘सरी’ (ठीक) नाहीतर ‘पोदुम’ (पुरे) म्हणून त्या विषय संपवायच्या. लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावाहून शिष्यवृत्तीवर चेन्नईला आलेल्या मला ती मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा भरून आलं होतं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतली नव्हती. वडील शिंपी. दुकानात गिऱ्हाइकांसाठी पेपर यायचा आणि दुपारी ते मला खेळाचं पान मोठ्याने वाचायला लावायचे. त्या पानावर संघ एकमेकांना धूळ चारायचे, लोळवायचे, कुणी नांगी टाकायचं, कुणाचा धुव्वा उडायचा. मशीन थांबवून वडील म्हणायचे, “काय लिहितात बघ!” खेळाबद्दल असंच लिहायचं असतं, असं मी धरून चालले होते.

बाईंनी ते सगळं काढून घेतलं. क्रीडा विभागाच्या कपाटाच्या दाराला त्यांनी स्वतः लिहिलेले नियम चिकटवलेले होते. जिंकणारा कशामुळे जिंकला ते आधी. हरलेल्या संघातल्या निदान एका खेळाडूचा खेळ सांगितल्याशिवाय बातमी पूर्ण नाही. मुलींच्या सामन्याला मुलांच्या सामन्याइतकीच जागा, आणि त्या दिसतात कशा याला जागा नाही. गुणलेखकाच्या टेबलाजवळ बसल्यावर टाळी वाजवायची नाही, आपलं कॉलेज असलं तरी. कुणाला लागलं तर डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं, दुखण्याचं नाव आपण ठेवायचं नाही. आणि त्याखाली अधोरेखित करून: खेळाडूला एकटं विचारावं.

माझ्याबरोबर क्रीडा विभागात काम करणारा मुलगा अंबत्तूरचा होता. तो म्हणायचा, “ही बातमी आहे की पोलीस रिपोर्ट? आपल्या पानापेक्षा मेसच्या सांबाराला जास्त चव असते.” मी हसायचे, पण मनातून मला ते नियम आवडायला लागले होते. इंग्रजी कमी येणाऱ्या माणसाला त्यांचा आधार वाटायचा. चमकदार शब्द नकोतच, मग माझ्याकडे ते नसल्याचं काय दुःख?

दुसऱ्या वर्षी मुलींच्या व्हॉलीबॉलची आंतरमहाविद्यालयीन अंतिम फेरी आमच्याच कोर्टवर होती. आमच्या संघाची सेटर चेन्नईजवळच्या कोवलम या मच्छीमारांच्या गावची होती, माझ्या एक वर्ष मागे. स्मॅश मारणारीला चेंडू उचलून देते ती सेटर; टाळ्या दुसरीला मिळतात, पण संघ हिच्या हातावर चालतो. तिची आई मासे विकायची. ही घरातली पहिली कॉलेजात आलेली मुलगी, तीही स्पोर्ट्स कोट्यातून: फी माफ, हॉस्टेल फुकट. ती जागा दरवर्षी क्रीडा समिती नव्याने मंजूर करायची, आणि परवानगीशिवाय बाहेरच्या स्पर्धेत खेळलं तर जागा जायची. आम्ही दोघी एकाच मेसमध्ये जेवायचो. मी घरातली पहिली आहे हे तिला कळल्यावर ती मला ‘अक्का’ म्हणायला लागली होती.

शेवटच्या सेटमध्ये ती नेटजवळ उंच उडाली आणि खाली आली ती डाव्या पायावर, वाकडी. मी टेबलापाशी होते, माझ्यापासून फार लांब नाही. ती ओरडली नाही. तिने दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि डोळे मिटले. तिला बाकावर नेलं, कुणीतरी बर्फ आणला. डॉक्टर नव्हता. थोड्या वेळाने प्रशिक्षकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं, तिने मान हलवली आणि ती पुन्हा कोर्टवर गेली. सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. मी हात मांडीवर ठेवून बसले. त्यानंतर ती एकदाही उडाली नाही. जागेवर उभी राहून चेंडू देत राहिली. आम्ही जिंकलो.

सामना संपल्यावर प्रशिक्षक माझ्याकडे आले. “एन्न मा, लिहिलंस का? पायात गोळा आला होता. क्रॅम्प. तसंच लिही.” ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांची नोकरी कंत्राटी होती आणि चषक हवा होता.

ती बाकावर पाय सरळ करून बसली होती. मी विचारलं तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, “अक्का, काहीच लिहू नकोस.” प्रशिक्षक तिथेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सगळं सांगितलं आणि म्हटलं, “मी तिच्या पडण्याचा भाग गाळते. छापून आलं तर समिती म्हणेल, गुडघा गेला, आता जागा कशाला? तिचं शिक्षण थांबेल.”

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, “तिणें नको म्हटलें तेव्हां तो जवळ होता?”

“हो.”

“मग तें उत्तर झालें नाहीं. जाऊन पूस. नको म्हणाली तर नको. माझी सही आहे, मी निस्तरीन. पण तूं आपल्या मनानें दया करूं नको.”

ती हॉस्टेल सोडून घरी गेली होती. मी तिरुवान्मियूरला बस बदलून कोवलमला गेले. दुपार होती, बोटी परत आल्या होत्या. घराच्या सावलीत तिची आई मासे निवडत बसली होती आणि ती उलट्या टबवर पाय ठेवून बाजूला. गुडघा सुजून गोल झाला होता.

आई माझ्याकडे बघून तिला म्हणाली, “ही पेपरवाली? हिला जेवायला घालत नाहीत का तिकडे?”

“घालतात, सांबार,” ती म्हणाली, आणि आम्ही तिघीही हसलो. माझं तमिळ मेसमध्ये शिकलेलं होतं, तेवढं कळण्यापुरतं होतं.

मग ती गंभीर झाली. सकाळी प्रशिक्षकांचा फोन आला होता. सूज उतरत नाही हे कळल्यावर ते म्हणाले होते, ऑफिसात विचारलं तर घरी गेल्यावर वाळूत खेळताना पडले असं सांग, बाकी मी बघतो. आमच्याकडे डॉक्टर नव्हता, तरी तुला खेळवलं, हे बाहेर आलं तर मला काढतील.

“वाळूत म्हणजे?” मी विचारलं.

“इथे किनाऱ्यावर सामने होतात, अक्का. बक्षिसाचे. मी खेळत नाही. पण खेळते म्हटलं तर सगळे विश्वास ठेवतील.”

आईने हातातला मासा खाली ठेवला. “तू काय लिहिणार आहेस? माझी मुलगी मोडली असं?”

मी सामन्याच्या वेळी टिपलेलं वाचून दाखवलं, माझ्या मोडक्या तमिळमध्ये. शेवटच्या सेटमध्ये नेटपाशी उडी मारून ती डाव्या पायावर पडली. गुडघा धरून बसली. बाकावर नेलं, बर्फ लावला. पुन्हा आली, शेवटपर्यंत खेळली, परत उडाली नाही. प्रशिक्षकांच्या मते पायात गोळा आला होता.

“आता हिला खेळता येणार नाही, असं आहे त्यात?”

“नाही. ते मला माहीत नाही. ते डॉक्टर सांगेल.”

आई पुन्हा मासे निवडायला लागली. मुलगी गुडघ्याकडे बघत होती. मला वाटलं ती नकोच म्हणणार, आणि खरं सांगायचं तर मला तेच सोपं गेलं असतं.

“हे छापलं तर मी कुठे पडले ते सगळ्यांना कळेल,” ती म्हणाली. स्वतःशीच बोलल्यासारखी. “कॉलेजच्या कोर्टवर. कॉलेजसाठी खेळताना.” मग माझ्याकडे बघून, “नाही छापलं, तर मी कुठेही पडू शकते. नाही का?”

मी मान हलवली. एवढं माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिला वाचवायचं म्हणून मी जे गाळायला निघाले होते, तेच तिच्या हातात असायला हवं होतं.

“लिही,” ती म्हणाली. “दिवसही घाल. आणि सर क्रॅम्प म्हणाले तेही राहू दे. ते म्हणालेच होते.”

अंक निघाला त्या दिवशी प्रशिक्षक पाक्षिकाच्या खोलीत आले. “मी तुला काय सांगितलं होतं मा?”

“तुम्ही सांगितलंत तेही आहे, सर. शेवटच्या ओळीच्या आधी.”

त्यांनी उभ्यानेच वाचलं. पुन्हा वाचलं. अंबत्तूरचा मुलगा मान खाली घालून कात्रणं कापत राहिला. प्रशिक्षक अंक टेबलावर ठेवून निघून गेले आणि पुढे बरेच महिने माझ्याशी बोलले नाहीत.

क्रीडा समितीची बैठक झाली तेव्हा ती आईला घेऊन आली होती. आत काय झालं ते तिने मला नंतर जिन्यात सांगितलं. एका सदस्याने विचारलं होतं, गावाकडच्या सामन्यात पडलीस असं ऐकतो, खरं का? तिने अंक पुढे केला. दुसऱ्या सदस्याने तारीख वाचली आणि म्हणाला, या सामन्याला तर मीच बक्षीस दिलं. मग गुडघ्याचा अहवाल पाहिला. आतला बंध तुटला होता, शस्त्रक्रिया करावी लागणार होती. कॉलेजसाठी खेळताना लागलं आहे, तेव्हा पदवी होईपर्यंत जागा राहील, असं ठरलं. हे सांगताना तिचा चेहरा आनंदी नव्हता. “जागा राहिली, अक्का,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “डॉक्टर म्हणाले, उडायचं नाही.” जिना उतरताना तिची आई एक पायरी पुढे चालत होती, मागे हात करून.

सरकारी हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली. ती चालायला लागली, मग नीट चालायला लागली. पण संघात परत आली नाही.

शिक्षण संपल्यावर मला चेन्नईतच एका क्रीडाविषयक वेबसाइटवर नोकरी मिळाली. वडील आता मोबाइलवर माझ्या बातम्या उघडतात. इंग्रजी येत नाही, पण माझं नाव ओळखतात. फोनवर विचारतात, “आज कुणाला धूळ चारली?” मी म्हणते, “आज कुणीतरी नुसतं हरलं, बाबा.” ते हसतात.

कोवलमच्या त्या सेटरचं शेवटचं वर्ष होतं तेव्हा आमचं कॉलेज पुन्हा अंतिम फेरीत पोहोचलं. मी माझ्या वेबसाइटसाठी तो सामना पाहायला कॉलेजच्या कोर्टवर गेले. नवी सेटर घाबरलेली होती, चेंडू कधी लांब जायचे, कधी नेटच्या अगदी जवळ. आम्ही हरलो. बातमीत मी लिहिलं की जुन्या सेटरची उणीव जाणवली, आणि मग ते खोडलं. जी कोर्टवर नव्हती तिच्याबद्दल मी काय पाहिलं होतं? नव्या मुलीने शेवटच्या सेटमध्ये दोन चांगले चेंडू दिले होते, ते लिहिलं.

बाहेर पडताना बाई भेटल्या. मी विचारलं, “ती आली नाही सामन्याला?”

बाईंनी समोरच्या इमारतीकडे बोट केलं. वरच्या मजल्यावरचे पंखे फिरत होते, खिडक्यांतून वाकलेली डोकी दिसत होती.

“शेवटचा पेपर आहे तिचा,” त्या म्हणाल्या. “अजून अर्धा तास लिहील ती.”