भांडखोर रक्ताचे करमाडकर

मूल का टिकत नाही, दोष कोणात, असं कोणी विचारलं की करमाडकर म्हणत, “आमच्यात.” अँटीबॉडीज सापडल्या होत्या त्यांच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या रक्तात. मला तपशील चोख लागतो. मी एकदा दुरुस्ती केली, “रिपोर्ट वहिनींचा आहे.” ते म्हणाले, “व्हय की. पण आमचं रक्त लई भांडखोर निघालं, असंच सांगतो मी. तिला एकटीला कशाला पुढं करू?”

ते करमाडचे, म्हणून करमाडकर. औरंगाबादच्या त्या दवाखान्यात नवऱ्यांना गावाच्या नावानंच ओळखत. त्यांच्या आणि आमच्या, दोन्ही घरांत तीन-तीन गर्भपात झालेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, शरीर स्वतःविरुद्धच लढतं, रक्ताच्या गाठी होतात, गर्भाला रक्त पोचत नाही. उपाय म्हणजे दिवस राहिल्यावर रोज पोटात इंजेक्शन, आणि ते घरी नवऱ्यानं द्यायचं.

“म्हशीला सुई टोचताना माझा हात कधी कापला नाय,” करमाडकर म्हणाले. “हिच्यापुढं नुसतं शिकतानाच कापतोय.”

“म्हैस असते तर बरं होतं,” वहिनी म्हणाल्या. “एक लाथ तरी घालता आली असती.”

सगळा बाक हसला. माझी बायको त्या दवाखान्यात पहिल्यांदाच हसली. कातडी चिमटीत कशी धरायची, हे करमाडकरांनी मला सदरा वर करून स्वतःच्या पोटावर दाखवलं.

दोघींना एकाच सुमारास दिवस राहिले. रिपोर्ट सारखे, औषध सारखं, डोसही सारखा. त्यांचं पाचव्या महिन्यात गेलं. आमचं टिकलं. हा हिशेब मला आजही लागलेला नाही. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, “सगळ्यांनाच लागू पडत नाही.”

मुलगी झाल्यावर तिला घेऊनच आम्ही बारशाचं बोलवायला करमाडला गेलो. करमाडकर ओट्यावरूनच म्हणाले, “आम्ही नाय येणार, भाऊ. आमच्यासारखी माणसं पाळण्यापाशी आली की लोक बोलतात. उद्या पोरीला ताप आला तर?” माझ्या बायकोनं मुलीला सरळ वहिनींच्या मांडीवर ठेवलं. करमाडकर वहिनींकडे बघत राहिले; मुलीकडे त्यांनी नजर वळवलीच नाही. वहिनींनी ती परत द्यायला बराच उशीर केला. आम्हीही मागितली नाही.

पुढं जमीन भावाकडं सोपवून दोघं गाव सोडून गेली. कुठं, ते भावालाही नीट सांगता आलं नाही. मुलगी आता कॉलेजात आहे. जालना रोडनं जाताना करमाड आलं की बायको म्हणते, “जरा हळू घ्या.” मी घेतो.